फोन चारनंतर करावा

इंदौर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय कुमुदआत्या,

तुझा दंडक असा की पत्राला मायना हवा, मराठी शुद्ध हवी आणि पहिल्या चार ओळींत तब्येतीची चौकशी हवी. मायना झाला. मराठी इंदौरात राहून जेवढी उरते तेवढी माझ्याकडे आहे. आणि तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावतेस की ते अजून डब्यातच?

आता खरी गोष्ट. माझी नोकरी गेली. दिवाळीआधीच गेली, तुला सांगितलं नव्हतं. आमच्या एजन्सीत वेबसाइट बनवणारे जेवढे होते त्यातले अर्धे कमी केले, कारण आता अर्धं काम मशीनच करून देतं. पुण्या-बंगळूरला नोकऱ्या आहेत म्हणतात, पण बाबांना एकटं सोडून जाऊ कसा? आई असती तर गोष्ट वेगळी होती. पोलोग्राउंडचं वर्कशॉप बंद झाल्यापासून बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसतात, खालच्या गल्लीकडे बघतात आणि विचारलं तेवढंच बोलतात. "चहा?" "हो." "जेवायचं?" "वाढ." एवढ्यावर आमचा दिवस निघतो.

म्हणून इथेच राहून स्वतःचं काम काढायचं ठरवलंय. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, छोट्या कारखान्यांच्या साइट करायच्या. त्याला आधी माझी स्वतःची एक साइट लागते, तिला पोर्टफोलिओ म्हणतात. क्लॉथ मार्केटातला व्यापारी गिऱ्हाइकापुढे कापडाचं थान उलगडून ठेवतो, तसं आपण केलेलं काम मांडून ठेवायचं. बघणाऱ्याला पसंत पडलं तर तो फोन करतो. अडचण अशी की एजन्सीत केलेलं सगळं काम एजन्सीच्या मालकीचं, ते मला माझं म्हणून दाखवता येत नाही. दुकान थाटून बसलोय आणि उलगडायला थान नाही.

सोबत 'माझ्याविषयी' या पानाचा कागद पाठवतोय. लाल पेन काढ आणि तपासून दे. हे जमलं तर मी इथे राहीन, हवं ते काम करीन. नाही जमलं तर पुढे काय, ते मला दिसत नाही.

तुझा
मानस


बऱ्हाणपूर,
२१ जानेवारी

चि. मानसला आत्याचे आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

दिवाळीआधी नोकरी गेली आणि संक्रांतीला कळवतोस? मी बहिरी झाले आहे रे, परकी नाही झाले. यंत्र डब्यातच आहे. लावलं की शिट्टी वाजते, आणि शिट्टीखेरीज जे ऐकू येतं ते ऐकण्यासारखं नसतं. फोन सुटला, पत्रं राहिली, हे काही वाईट झालं नाही.

तुझा कागद वाचला. 'जिद्दी, सर्जनशील, अनुभवी आणि उत्कृष्ट डिझायनर.' चार विशेषणं एका दमात! सगळी खोडली आहेत, कागद परत पाठवते आहे. आपल्या तोंडानं आपली आरती पागनिसांच्या घरात कोणी केलेली नाही. माझे आजोबा होळकरांच्या पागेवर होते. ते म्हणायचे, घोडा शर्यत जिंकला तर नाव सरकारचं, लंगडला तर आपलं. तू नुसतं लिही, 'मी वेबसाइट तयार करतो.' पुढे काम दाखव. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दाखवायला काम नाही म्हणतोस, तर घरचंच घे. तुझ्या बापाच्या, दत्तूच्या वर्कशॉपची साइट कर. सातवी-आठवीपासून त्याला लोखंडाचं वेड. पागनिसांचा मुलगा कचेरी सोडून लेथवर उभा राहतो म्हणून घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. पण धारपासून मानपुरापर्यंत शेतकरी आपल्या पेरणी यंत्राला 'पागनीस की स्प्रिंग' मागायचे, हे मी स्वतः ऐकलं आहे, कान शाबूत असताना.

माझी अट एकच. नाव खरं, फोटो खरे, पत्ता खरा आणि फोन नंबर घरातल्या लँडलाइनचा, खरा. नमुन्याच्या साइटवर कुठलेही आकडे टाकतात असं तू मागे म्हणाला होतास. खोट्या नंबराचं पान मी तपासणार नाही. आणि वर्कशॉप बंद झालं हे मात्र कुठे लिहू नकोस. दत्तू ते वाचेल, आणि आपल्या हातानं त्याला ते वाचायला लावायचं माझ्या जिवावर येतं.

तुझी
आत्या


इंदौर,
१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साइट झाली. इतके दिवस दुसरं काहीच केलं नाही, आणि खरं सांगतो, इतकं मन लावून मी एजन्सीत कधी काम केलं नव्हतं.

पलंगाखालची ट्रंक काढली. तिच्यात बाबांचे जुने फोटो निघाले, एका कापडात गुंडाळलेल्या नमुन्याच्या स्प्रिंगा निघाल्या. त्या एकेक करून खिडकीच्या उजेडात ठेवून फोटो घेतले. साइटला रंग तोच दिला, पाणी दिलेल्या पोलादाचा असतो तो निळसर काळा. पान खाली सरकवलं की कडेला काढलेली स्प्रिंग हळूहळू दबते, वर नेलं की सुटते. एवढ्याशा गोष्टीत माझा आठवडा गेला.

बाबांना दाखवली. आधी नुसते बघत राहिले. मग माऊस माझ्या हातातून घेतला आणि ती स्प्रिंग दाबून-सोडून, दाबून-सोडून पाहिली. मला वाटलं उठून जातील. पण म्हणाले, "कार्डावर होतं ते लिहिलं नाहीस. फोन चारनंतर करावा."

आठवतं तुला? लेथ चालू असायचा तोवर शेडमध्ये फोनची घंटी ऐकू यायची नाही. चारला मशीन बंद व्हायचं. मी ते लिहिलं. दोन वर्षांत बाबांनी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य आहे, त्यामुळे ते मोठ्या अक्षरात लिहिलं.

अगदी खाली बारीक अक्षरात माझं नाव आणि मोबाईल नंबर टाकलाय, 'साइट : मानस पागनीस'. इथे पेंटरसुद्धा पाटीच्या कोपऱ्यात नाव लिहितात. चालेल ना?

मानस


बऱ्हाणपूर,
२५ फेब्रुवारी

चि. मानस,

वरच्या मजल्यावरच्या पलकनं तिच्या मोबाईलवर तुझी साइट दाखवली. मी चष्मा पुसून पुसून पाहिली आणि मग चष्मा पुसायचं कारण वेगळं झालं. दत्तूचा लेथजवळचा तो फोटो तुझ्या आईनं काढलेला आहे, हे तुला ठाऊक आहे का? पलक मराठी नाही, पण तिनंही दोन-तीनदा खालीवर करून स्प्रिंग दाबली.

एकच तपासणी. खालचं तुझं नाव काढ. हे दत्तूचं पान आहे. पंगतीत आचारी ताटात स्वतःचं नाव वाढत नाही, स्वयंपाक चांगला असला तर लोक आत येऊन विचारतात.

हे पान तुझ्या पोर्टफोलिओत सगळ्यात वर ठेव. आता गिऱ्हाईक येतं की नाही बघ.

आत्या


इंदौर,
२७ एप्रिल

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे नाव काढलं. मग लॅपटॉप घेऊन शहरभर फिरलो. मिठाईवाल्याकडे गेलो, दातांच्या डॉक्टरकडे गेलो, टाइल्सच्या शोरूमला गेलो. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर. मिठाईवाला म्हणाला, "भिया, ये तो मेरा भतीजा मोबाइल पे फ्री में बना देता है." भतीजा खरंच बनवतो, मी पाहिलं. वाईट नव्हतं.

एका कोचिंग क्लासचे सर मात्र बसवून घेऊन बोलले. सगळं पाहिलं. शेवटी विचारलं, तुम्ही काम कसं करता? माझ्या तोंडून निघालं, "ठीक-ठाक कर लेता हूँ." आपल्या घरात याचा अर्थ 'चांगलं करतो' असा होतो, तुला माहीत आहे. सरांनी तो शब्दशः घेतला. म्हणाले, हमें तो बेस्ट चाहिए. माझ्यानंतर जो मुलगा आत गेला त्यानं पहिल्याच वाक्यात स्वतःला मध्य भारतात एक नंबर म्हटलं आणि काम त्याला मिळालं. मी बाहेर बुटाच्या नाड्या बांधत होतो, सगळं ऐकू आलं.

असो. पण फोन येतायत. रोज चारनंतर येतात. बाबाच उचलतात. आता ते रोज दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खिशाला पेन लावतात. गॅलरीतली खुर्ची फोनजवळ आली आहे. जेवताना बोलतात. परवा तर हसले.

बाकी ठीक.

मानस


बऱ्हाणपूर,
५ मे

चि. मानसला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि देवापुढे गूळखोबरं ठेवलं. पलकला आणि तिच्या सासूला दिलं. रोज फोन येतात आणि तू ते पत्राच्या शेवटी 'असो' म्हणून लिहितोस! पागनीस खरा. कोचिंगवाल्याला सोड, त्याला बेस्ट मिळालं असेल तर त्याचं त्याला लखलाभ.

आणि दत्तू तुझे फोन घेतो, हे तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. बापलेकांची फर्म! तुझं काम, त्याचं तोंड. लहानपणी त्याला पाहुण्यांशी बोल म्हटलं की तो माळ्यावर जाऊन बसायचा. तोच आता गिऱ्हाइकांशी बोलतो म्हणजे लेकासाठी माणूस काय काय करतो.

कोणाकोणाची कामं आली ते सविस्तर कळव. नावं लिही. मला पलकच्या सासूपुढे मिरवायचं आहे. तुला मनाई आहे, मला नाही.

आत्या


इंदौर,
२८ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा लाज वाटली. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण तुझा गैरसमज होईल असंच लिहिलं होतं. तू खूश होशील आणि मलाही थोडा वेळ तसं वाटेल म्हणून.

फोन मला येत नाहीत. स्प्रिंगांसाठी येतात.

पेरणी तोंडावर आली आहे. शेतकरी आणि गॅरेजवाले मोबाईलवर स्प्रिंग शोधतात आणि आपली साइट वर येते. मी ती इतकी चांगली बनवली आहे की सगळ्यांना वाटतं वर्कशॉप जोरात चालू आहे. बंद आहे असं कुठे लिहिलेलं नाहीच. लोक विचारतात, "पागनीसजी, वो सीडड्रिल वाली स्प्रिंग मिल जाएगी?" आणि बाबा म्हणतात, "हो जाएगा." सगळ्यांना म्हणतात. मानपूरच्या हायवेवर शाम पटेल नावाचा एक जण आहे, पेरणी यंत्रं दुरुस्त करतो. तो तर एक दिवसाआड फोन करतो. त्याला बाबांनी पेरणीआधी माल देतो असं कबूल केलंय.

मी विचारलं, बाबा, बनवणार कुठे? लेथ विकला, शेडमध्ये कुरिअरचं गोडाऊन झालंय. म्हणाले, "बघतो कुठेतरी." सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडतात, चारच्या आत परत येतात. कुठे जातात ते सांगत नाहीत. त्यांना वेड लागलेलं नाही, आत्या. सगळं समजतं त्यांना. फक्त फोनवर 'नाही' म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं चाललं होतं. लिहितो. गेल्या आठवड्यात जेवताना बाबा हसत सांगायला लागले की एका बाईंचा फोन आला होता. अस्मिता की काय नाव सांगितलं. त्यांच्या घरचे तीन कारखाने आहेत. तिन्हींच्या साइट करायच्या आहेत आणि स्प्रिंगवाली साइट त्यांना फार आवडली. कोणी केली ते खाली लिहिलेलं नाही, म्हणून त्यांनी तिथल्या नंबरवर फोन लावला. बाबा म्हणाले, "मैंने बोल दिया, बाईजी, हम साइट-वाइट नहीं बनाते, स्प्रिंग बनाते हैं." आणि फोन ठेवून दिला.

जुना लँडलाइन, त्यावर नंबर दिसत नाही. त्या बाईंचा पुन्हा फोन आला नाही.  

त्याच दिवशी साइटच्या तळाला नाव परत टाकलं. आता ते कोणी वाचत नाही.

मानस


बऱ्हाणपूर,
४ जून

मानस,

तुझं नाव मी पुसलं. ताटातल्या आचाऱ्याचा दाखला देऊन पुसलं, आणि तो दाखला मला फार आवडलाही होता. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतली नसती विशेषणं खोडली, त्यातलंच एक समजून तुझं नावही खोडून टाकलं. माझ्याकडून तुझं नुकसान झालं आणि ते भरून द्यायला माझ्याकडे काही नाही. मला फार वाईट वाटतं आहे, यापलीकडे लिहिता येत नाही.

आता तू ती साइट काढून टाकायच्या विचारात असशील. तुझ्या जागी कोणीही असेल. तरी मी मागणं मागते, इतक्यात काढू नकोस. पेरणी झाली की फोन आपोआप थांबतील आणि दत्तूलाही ते हळूहळू पचेल. वहिनी गेल्यावर तो बोलायचा थांबला, वर्कशॉप गेल्यावर घराबाहेर पडायचाही थांबला. आता कोणी त्याला पागनीसजी म्हणून हाक मारतं आहे. दोन-तीन आठवडे हाक मारू दे. कोणाचं काय बिघडतं?

आत्या


इंदौर,
२९ जून

प्रिय आत्या,

बिघडलं.

पाऊस झाला आणि शाम पटेल फोन न करता थेट साइटवरच्या पत्त्यावर आला. पिकअपमध्ये पेरणी यंत्रं घालून, पोलोग्राउंडला. गोडाऊनच्या गार्डनं घरी फोन केला, मी गाडी काढून पोचलो. बाबा तिथेच होते. गार्डच्या बाकावर, डबा मांडीवर घेऊन.

गार्डनं सांगितलं, महिनाभर ते रोज येतात. सकाळी आजूबाजूच्या शेडमध्ये जाऊन विचारतात की कोणी तासभर लेथ वापरायला देईल का. जुन्या ओळखीचे बहुतेक उठून गेले आहेत. जे आहेत त्यांच्याकडे आता कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत, त्यांना बाहेरच्या माणसाला हात लावू देता येत नाही. सगळे चहा पाजतात आणि नाही म्हणतात. मग बाबा या बाकावर येऊन बसतात, समोरच त्यांची शेड. चारच्या आधी निघून घरी येतात, कारण फोन घ्यायचा असतो.

शाम माझ्याच वयाचा निघाला. मला वाटलं शिवीगाळ करेल. त्यानं गोडाऊनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाबूजी, मना कर देते तो मैं और कहीं से ले लेता. अब पानी गिर गया, किसान को क्या बोलूँ?"

बाबा उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "गलती हो गई." एवढंच म्हणाले. शामला ते बघवलं नाही, तो पिकअपमध्ये जाऊन बसला आणि निघून गेला. त्याच्या गावच्या लोकांची पेरणी किती खोळंबली मला माहीत नाही.

घरी आल्यावर बाबांनी खिशाचं पेन काढून फ्रिजवर ठेवलं. मी संध्याकाळी साइट काढून टाकली. मी आजवर केलेलं ते एकच चांगलं काम होतं, आणि त्यावर लोक खरोखर आले होते. पोर्टफोलिओत दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तोही बंद केला. माझं दुकान उठलं, आत्या.

आता फोन वाजत नाही. चारला बाबा रिसीव्हर उचलून कानाला लावतात, लाइन चालू आहे का बघतात, आणि ठेवतात. पुन्हा बोलायचे थांबलेत. चहा, हो. जेवण, वाढ.

मानस


बऱ्हाणपूर,
९ जुलै

चि. मानस,

तुझ्या पत्रानंतर मी एक गोष्ट करते आहे. ती तुला न सांगता केली तर पुन्हा कुठेतरी चुकेल, म्हणून सांगते.

मी रोज चारनंतर पलकच्या मोबाईलवरून तुमच्या घरी फोन लावते. माझा आवाज जाड करते आणि हिंदीत बोलते. "पागनीसजी हैं? सीडड्रिल की स्प्रिंग चाहिए थी." कधी मी खरगोनची असते, कधी सनावदची. तो काय बोलतो ते मला ऐकू येत नाही. पण पलीकडे फोन उचलला की मोबाईलवर सेकंद धावायला लागतात, ते दिसतं. मग मी माझं वाक्य म्हणते. माझं बोलून झालं तरी तो लगेच ठेवत नाही. सेकंद बराच वेळ धावत राहतात. माझी ऑर्डर लिहून घेत असेल, भाव सांगत असेल, कदाचित 'हो जाएगा' म्हणत असेल. मी फोन कानाला धरून बसते आणि मधूनमधून "जी, जी" म्हणते.

पलक म्हणते, आंटी, ये ठीक नहीं है. मलाही कळतं की ठीक नाही. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि आता या वयात खरगोनचा शेतकरी होऊन बसले आहे. पण दुसरं काय करू? इथून मला एवढंच करता येतं. तिथे येऊन बसले तरी तो बोलणार नाही आणि मला ऐकू येणार नाही.

एवढंच कळव की फोन झाल्यावर तो कसा असतो. पेन परत खिशाला लागलं का?

तुझी
आत्या


इंदौर,
१८ जुलै

प्रिय आत्या,

आधी माझं सांगतो, ते लहान आहे. मला नोकरी लागली. पोलोग्राउंडच्या त्याच गोडाऊनमध्ये, आलेली पाकिटं मशीनवर नोंदवायची. त्या दिवशी गार्डनं मॅनेजरची ओळख करून दिली होती. माझं टेबल जिथे आहे त्याच्या शेजारी जमिनीतून चार बोल्टांची टोकं वर आली आहेत, बाबांचा लेथ त्यांवर बसवलेला होता. येता-जाता पायाला लागतात. डिझाइनचं सामान मी लॅपटॉपमधून काढून टाकलं, ते समोर दिसलं की हात तिकडे जातो. बाबांना नोकरीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

आता तुझं. पेन फ्रिजवरच आहे.

काल माझी सुट्टी होती, मी घरी होतो. चारनंतर फोन वाजला. बाबांनी उचलला आणि तुझा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, इतक्या मोठ्यानं बोलतेस तू. जाडबीड काही होत नाही तो. सनावदची होतीस. बाबा तुझं सगळं वाक्य होईपर्यंत थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "कुमे, वर्कशॉप बंद झालंय गं. शेड गेली, लेथ गेला. आता माझ्याच्यानं काही होणार नाही." तू म्हणालीस, "जी, जी." ते पुन्हा म्हणाले, "बंद झालंय, कुमे." तू पुन्हा "जी" म्हणालीस.

बराच वेळ असं चाललं. तू ठेवल्यावरच त्यांनी ठेवला.

मी दारात उभा होतो. त्यांना विचारलं, कधीपासून ओळखलंत? म्हणाले, "पहिल्या दिवसापासून. रोज सांगतो तिला. तिला ऐकू येत नाही. तू लिहून कळव."

म्हणून कळवतो. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही, शामला सांगितलं नाही, गार्डलाही नाही. फक्त तुला सांगतात. आता हे वाचून तू फोन करशील की नाही, ते मला ठाऊक नाही, आणि कर की करू नकोस हेही सांगता येत नाही. आज मी गोडाऊनमधून लवकर सुटलो. घरी आलो तेव्हा चार वाजायचे होते. बाबा खुर्ची फोनजवळ ओढून बसले होते.

तुझा
मानस